उलटी वाचायची वही

भिंगरीचे बाबा चष्म्याच्या कारखान्यात काचा तपासायचे. काचेत केसाएवढा ओरखडा असला तरी तो त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. पण याच माणसाला गाडीत बसवा आणि दोन वळणं घ्यायला लावा, तिसऱ्या वळणावर स्वारी हरवलीच म्हणून समजा. नोकरीच्या गावापासून आजोबांचं गाव चारशे ऐंशी किलोमीटर. गाडी घेतली त्या वर्षी सुट्टीत घरी जायला म्हणून ते जे निघाले, ते दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले, आणि तेही एका दूधवाल्याच्या मागोमाग.

आजोबांना ते फार लागलं. आयुष्यभर बस डेपोत कंट्रोलर म्हणून गाड्या सोडल्या आणि पोटचा मुलगा रस्ता चुकतो म्हणजे काय! परतीच्या वेळी ते स्वतः गाडीत पुढे बसले, मागे दादाच्या मांडीवर वही दिली आणि सगळा रस्ता तोंडी सांगत आले. दादाने शब्द न् शब्द उतरवून घेतला. ‘नदी उजव्या हाताला. पाणी आपल्याबरोबर चालतं.’ ‘इथे चहा घेऊ नये, दूध पातळ असतं.’ ‘पिवळ्या टाकीशी डावीकडे.’ नोकरीच्या गावाला पोचल्यावर ते जेवायलाही थांबले नाहीत, मिळेल त्या बसने परत गेले.

तेव्हापासून गाडीत एक नियमच झाला. वही वाचणाऱ्याने पुढे बसायचं आणि ड्रायव्हरने त्याच्याशी वाद घालायचा नाही. तो म्हणेल तिकडे मुकाट वळायचं. नोकरीच्या गावाला येताना वही सरळ वाचायची आणि घरी जाताना शेवटच्या पानापासून उलटी. आठ वर्षं वाचणारा दादा होता. भिंगरी मागे आईला टेकून बसायची आणि जागेवर दोन मिनिटं टिकायची नाही, म्हणून तर तिचं नाव भिंगरी पडलं.

काय काय झालं त्या प्रवासांत! एकदा दगड लागून पेट्रोलच्या टाकीला भोक पडलं, तर आईने अंगाच्या साबणाची वडी मळून ते बुजवलं आणि त्या साबणावर गाडी दीडशे किलोमीटर गेली. एकदा घाटात इतकं धुकं होतं, की दादा पाठीला पांढरा टॉवेल बांधून गाडीपुढे चालत होता आणि बाबा त्या टॉवेलच्या मागून गाडी चालवत होते. भिंगरीला ते सगळं इतकं आवडायचं, की शाळा सुरू झाली की ती पुढच्या सुट्टीचे दिवस मोजायला लागायची. आणि पुढच्या सीटवर कधी तरी आपण बसू, हे तिचं स्वप्नच होतं.

ते असं पुरं होईल असं तिला वाटलं नव्हतं.

ती अकरा वर्षांची असताना दादा कॉलेजसाठी आजोबांकडे राहायला गेला. सहा महिन्यांनी एका संध्याकाळी त्याचा फोन आला. आजोबांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती, कधीही फुटली असती. मोठे सर्जन तिथल्या हॉस्पिटलात पंधरा दिवसांतून एकदा यायचे आणि तो दिवस नेमका उद्याचा होता. ऑपरेशन चार वाजता. फार तर साडेचारपर्यंत पेशंट टेबलावर हवा, नाहीतर पुढच्या गावी त्यांचा दुसरा पेशंट तयार होता. पंधरा दिवस थांबता येईल का, असं बाबांनी विचारलं, तर दादा म्हणाला, डॉक्टर नाही म्हणतात. आणि आजोबांनी तर साफ सांगितलंय, मुलाचं तोंड बघितल्याशिवाय मी आत जाणार नाही. समजावून समजावून सगळे थकले होते.

पहाटे साडेचारला गाडी निघाली. बाबांनी पुढचं दार उघडलं, भिंगरीच्या हातात वही दिली आणि म्हणाले, “आज तू.” नेहमीच्या वेगाने गेलं तर तीनला पोचता आलं असतं. एक तास हाताशी होता.

पिवळ्या टाकीपर्यंत काही प्रश्नच नव्हता, तीनशे वीस किलोमीटर सरळसोट हमरस्ता. आईने मागून ब्रेड आणि उकडलेली अंडी पुढे दिली, बाबांनी एका हाताने खाल्ली. भिंगरी मात्र जागची हलली नाही, वहीतल्या ओळीवर बोट ठेवून बसली होती. साडेअकराला टाकी दिसली. तिने मोठ्याने वाचलं, “पिवळ्या टाकीशी डावीकडे.” बाबा क्षणभर थांबले, तिच्याकडे बघितलं आणि डावीकडे वळले.

आता यात गोम अशी होती, की वही लिहिली होती घराकडून येताना. घरी जाताना ती नुसती उलट्या क्रमाने वाचून भागत नाही. डावं असेल तिथे उजवं म्हणायचं, उजवं असेल तिथे डावं. आठ वर्षं दादा हे मनातल्या मनात फिरवत होता आणि तोंडाने बरोबर सांगत होता. त्याने ते कधी कुणाला सांगितलं नाही. वही आपल्यालाच वाचता येते, या तोऱ्यात पठ्ठ्या मजेत होता.

पुढची ओळ नदीची. आणि खरंच, दहा मिनिटांत उजव्या हाताला नदी आली. भिंगरीला हायसं वाटलं. पाणी आपल्याबरोबर चालतं, असं वहीत होतं. तिने बाबांच्या पलीकडे वाकून बघितलं, तर पाण्यात एक लाकडाचा ओंडका वाहत होता आणि तोही गाडीच्याच दिशेने चालला होता. सगळं वहीप्रमाणे होतं. ती खूश होऊन मागे टेकली आणि मग तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. वही लिहिली तेव्हा गाडी घराकडून येत होती. आज ती घराकडे चालली होती. म्हणजे पाणी समोरून यायला हवं.

तिने पुन्हा बघितलं. ओंडका मागे पडला होता, पण पाणी पुढेच चाललं होतं. मग तिला नदीची बाजू कळली, मग टाकी कळली, मग सगळंच कळलं. पंचवीस मिनिटं ते घरापासून लांब चालले होते.

आणि ती गप्प बसली. दुसरं काय करणार पोर! पहिल्यांदा वही हातात मिळाली, तीही आजच्या दिवशी, आणि तिने घात केला. पुढे कदाचित एखादा रस्ता घराकडे वळत असेल, असं ती मनाशी म्हणत राहिली. एक फाटा आला, तो शेतात जाऊन संपत होता. दुसरा आला, त्यावर खडीचे ढीग पडलेले. बाबांनी एकदा विचारलं, पुढे काय आहे. तिने सांगितलं, अजून सरळच. डॅशबोर्डवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि तिच्या तळहाताच्या घामाने वहीचं पान ओलं झालं होतं.

वीस मिनिटं अशी गेली. मग मागून आईने घड्याळ बघितलं आणि कुणाला असं न सांगता म्हणाली, तीनला पोचू म्हणजे पोचूच, दादाने त्यांना सांगून ठेवलं असेल, ते दाराकडे डोळे लावून बसले असतील. तेव्हा मात्र भिंगरीला राहवलं नाही.

“बाबा, गाडी थांबवा. आपण उलटे आलोय.”

बाबांनी गाडी थांबवली. का, कसं, काही विचारलं नाही. तिने रडत रडत डावं-उजवं सांगितलं. आत्ताच लक्षात आलं, असंही सांगितलं, आणि ते खोटं होतं. बाबांनी वही घेऊन एकदा बघितली, तिच्या मांडीवर परत ठेवली आणि गाडी वळवली. पंचेचाळीस मिनिटं यायला, तेवढीच परत जायला. हाताशी असलेला तास गेला आणि वर आणखी अर्धा तास गेला.

त्यानंतर गाडीने जो वेग धरला, तो तिने आधी कधी धरला नव्हता आणि पुढेही धरला नाही. चढावर इंजिन तापलं, बॉनेटमधून वाफ यायला लागली. थांबणं भाग होतं. आईने प्यायचं सगळं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं, वर झऱ्याचं आणून ओतलं. बाबा रस्त्याच्या कडेला येरझाऱ्या घालत होते, ओठ घट्ट मिटलेले. भिंगरी आता प्रत्येक ओळ फिरवून वाचत होती आणि वाचण्याआधी दोनदा बोटांवर डावं-उजवं करत होती. एकाही वळणावर तिला स्वतःची खात्री वाटली नाही. बाबा मात्र ती म्हणेल तिकडे वळत राहिले.

हॉस्पिटलच्या आवारात गाडी शिरली तेव्हा चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. बाबा दार उघडं टाकूनच धावले, त्यांच्या मागे आई आणि भिंगरी.

ऑपरेशन थिएटरच्या दारात वेगळाच तमाशा चालला होता. आजोबा ट्रॉलीवर आडवे होते आणि त्यांनी दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून ठेवली होती. दोन नर्सबाई त्यांची बोटं सोडवत होत्या. एक बोट सुटलं की ते दुसरं घट्ट करायचे. सर्जन हिरव्या कपड्यांत घड्याळाकडे बघत उभे होते. दादा भिंतीला टेकून रडत होता.

बाबा ट्रॉलीवर वाकले. आजोबांनी त्यांचा चेहरा नीट बघून घेतला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. चौकट मात्र सोडली नाही.

“दीड तास उशीर,” ते म्हणाले. “कुठे चुकलास?”

बाबा म्हणाले, पिवळ्या टाकीशी, पोर बरोबर सांगत होती, मीच ऐकलं नाही. आईने मान खाली घातली. भिंगरीला वाटलं, आता गप्प बसलं तरी चालेल, बाबांनी सांगून टाकलंय. पण आजोबा आत चालले होते आणि त्यांना खोटं सांगून पाठवायचं, हे तिला सहन होईना.

“मी चुकले, आजोबा. आणि कळल्यावरही बोलले नाही.”

आजोबांनी मान वळवली. “पाणी बघितलंस?”

तिने मान डोलावली.

“तेव्हाच कळलं?”

“हो.”

“मग किती वेळ गप्प होतीस?”

“वीस मिनिटं.”

सर्जन काहीतरी बोलायला लागले होते, ते थांबले. आजोबा म्हणाले, “पंचवीस वर्षं गाड्या सोडल्या मी. चुकलेला ड्रायव्हर आधी थोडा पुढे जातोच. वीस मिनिटं म्हणजे लवकर वळलीस.” मग त्यांनी दोन्ही हात सोडले आणि सर्जनला म्हणाले, चला, तुमची गाडी लेट करू नका.

आजोबा त्यातून उठले आणि पुढे अकरा वर्षं दूध पातळ आहे म्हणून लोकांच्या चहाला नावं ठेवत राहिले, ते नंतरचं. त्या संध्याकाळी यातलं काही माहीत नव्हतं. आई दादाला घेऊन खाली औषधं आणायला गेली. जाता जाता दादा भिंगरीपाशी थांबला आणि म्हणाला, मी सांगायला हवं होतं. बाकावर भिंगरी आणि बाबा दोघंच उरले. दारावरचा लाल दिवा लागला होता.

भिंगरी म्हणाली, तुमचे दीड तास मी घालवले. आत काही झालं तर, असं पुढे म्हणायचं होतं, पण ते तोंडातून आलं नाही.

बाबा दिव्याकडे बघत होते.

“घरी जाताना नदी वाचणाऱ्याच्या खिडकीत असते. आठ वर्षं मी ती दादाच्या पलीकडे बघितलीय. आज माझ्या खिडकीत आली तेव्हाच मला कळलं.”

भिंगरीला आधी नीट कळेना. मग तिने विचारलं, मग तुम्ही का नाही बोललात, नियम होता म्हणून?

“नियम कसला,” बाबा म्हणाले. “मला पोचायची भीती वाटत होती. मी पोचलो की ते आत जाणार होते.”

भिंगरीने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि दार उघडेपर्यंत ती जागची हलली नाही.