दारात लावलेली गाडी

"आमचं दार जरा आपल्या मनाचं आहे हं," असं माझ्या सासूबाई आर्लिस मला म्हणाल्या तेव्हा लिनिया अजून माझ्या पोटात होती. दार म्हणजे त्यांच्या गॅरेजचं, पुढची सगळी भिंत व्यापणारं, मोटरवर वर-खाली सरकणारं दार. त्या रूबार्बच्या, म्हणजे एका आंबट देठाच्या, गोड वड्यांचं ताट माझ्यापुढे धरून उभ्या होत्या. मी एक वडी उचलली, छान झाल्यात म्हटलं, आणि विषय तिथेच संपला.

मिनेसोटात धोक्याची सूचना अशीच मिळते, गोडाच्या ताटाबरोबर. शेजाऱ्याच्या घराचं छप्पर उडालं तरी आम्ही वारा बरा होता म्हणतो. कुणाला तोंडावर काही सांगणं हा आमच्याकडे अपमानच. मी इथेच वाढले, माझीही जीभ तशीच वळलेली.

ह्या जूनमध्ये लिनिया तीन वर्षांची झाली आणि मी पुन्हा कामावर जायचं ठरवलं. पाळणाघरात जागा मिळेना, म्हणून सोमवारपासून ती दिवसभर आजी-आजोबांकडे राहणार होती. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, माझ्या नवऱ्याच्या पुतणीचा, ब्रिटाचा, शाळा संपल्याचा समारंभ होता. आमच्याकडचे सगळे समारंभ होतात तसाच गॅरेजमध्ये. गाड्या बाहेर रस्त्यावर, आत जमिनीवर जुना गालिचा, घडीच्या खुर्च्या, लांब टेबलावर हॉटडिश म्हणतात ती ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाची मोठी भांडी, आणि कोपऱ्यातल्या फ्रिजला टेकून माझे सासरे व्हर्लिन. उन्हाळाभर त्यांची बैठक तिथेच असते. दार उघडं टाकून ते बसतात आणि अर्धी गल्ली येऊन गप्पा मारून जाते.

जेवणं चालू असताना मोठ्या मुलांनी खेळ मांडला. स्वयंपाकघराच्या पायरीजवळचं बटण दाबायचं, दार खाली यायला लागलं की धावत जाऊन त्याच्या खालून बाहेर पडायचं. जो सगळ्यात शेवटी निघेल तो जिंकला. माझा नवरा ट्रेंट कौतुकानं बघत होता. आम्हीही हेच खेळायचो, म्हणाला, मी तर पोटावर घसरत जायचो. मी लिनियाकडे बघत होते. तिनं हातातली कागदी ताटली खाली ठेवली होती आणि ती बटणाकडे टक लावून उभी होती.

अशा दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दोन छोटे डोळे, म्हणजे सेन्सर, असतात. ते एकमेकांकडे बघत राहतात; मध्ये काही आलं की दार थांबून परत वर जातं. मी ते शोधायला वाकले, तर तिथे नुसत्या रिकाम्या पट्ट्या. वायर भिंतीवरून वर गेली होती. तिच्यामागे नजर नेली तेव्हा छताला, मोटरशेजारी, दोन्ही डोळे नाकाला नाक लावून प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधलेले दिसले. त्यांना फक्त एकमेकांचं तोंड दिसत होतं. खाली मूल असो, मांजर असो, त्यांच्या लेखी रस्ता मोकळा.

मी व्हर्लिनना विचारलं. त्यांनी अभिमानानं सगळं सांगितलं. हिवाळ्यात डोळ्यांवर बर्फ बसतो, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ उडतं, दार अर्ध्यात येऊन परत वर जातं. हाडं गोठवणाऱ्या थंडीत बाहेर उभं राहून रिमोट दाबत बसायचं कुणी? म्हणून त्यांनी डोळे वर बांधले. दाराखालचं रबर फरशीला गोठून चिकटतं, म्हणून मोटरचा जोरही वाढवून ठेवला. ही युक्ती त्यांनी गल्लीत कितीतरी जणांना शिकवली होती. शेजारचे ऑरिन मान डोलावत होते.

मी टेबलावरून पुसायच्या कागदाची आख्खी गुंडाळी उचलली, मुलांना बाजूला केलं, गुंडाळी दाराच्या रेषेत आडवी ठेवली आणि बटण दाबलं. दार आलं. गुंडाळीवर टेकलं. थांबलं नाही. तिला दाबत, चपटी करत खाली गेलं, मोटर थोडी कुरकुरली आणि गप्प झाली. आत अंधारलं. कुणीतरी हलकंसं हसलं.

"त्या गुंडाळीला पाय नाहीत, पोरी," व्हर्लिन म्हणाले. "मुलं पळतात."

"लिनिया पळत नाही. ती थांबते. थांबून वर बघते."

ह्या दारानं आजवर कुणाला खरचटलेलं नाही, असं ते माझ्याकडे न बघता बाकीच्यांना म्हणाले, आणि कॉलेजात हल्ली दारंही शिकवतात वाटतं, असंही. दोघे-तिघे हसले. ट्रेंटनं मला फ्रिजमागे नेलं. आज ब्रिटाचा दिवस आहे, म्हणाला, मी बाबांशी बोलतो सवडीनं. सवड म्हणजे कधी, मी विचारलं. मोसम बदलला की. आणि उद्या? उद्या आई लक्ष ठेवेलच की. मग उद्या लिनिया इथे येणार नाही, मी म्हटलं. तो म्हणाला, मग ती जाणार कुठे, आणि तू कामावर कशी जाणार? त्यानं मान हलवली, म्हणजे वाद संपला.

मी दार परत वर केलं, रस्त्यावर गेले आणि आमची व्हॅन आणली. खुर्च्यांवरची माणसं सौजन्यानं सरकली. पुढची चाकं आत, मागची बाहेर, अशी बरोबर दाराच्या रेषेखाली गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, किल्ली खिशात घातली आणि परत येऊन बसले.

एका काकांनी येऊन विचारलं, बर्फाच्या पिशव्या उतरवायच्यात का.

"नाही. गाडी इथेच राहणार आहे."

"बरं," ते म्हणाले, आणि आपली ताटली माझ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवून उभ्या उभ्या जेवू लागले.

ऊन कललं तसे तळ्याकडून डास आले. आमच्याकडचे डास माणसाला उचलून नेतील असे. ह्या वेळेला सगळे दार लावून आत बसतात. लोक दंडावर, मानेवर चापट्या मारत होते, पण उठून जायचं कुणाला सुचेना, कारण उठणं म्हणजे कुणाची तरी बाजू घेणं झालं असतं.

"शेल्बी, डास यायला लागले," व्हर्लिन म्हणाले.

"हो, दिसताहेत."

"गाडी काढ."

"डोळे खाली आणा. लगेच काढते."

"माझ्या घरात तू मला सांगणार?"

"माझी मुलगी तुमच्या घरात राहणार आहे, म्हणून सांगते. तुम्हाला राग आला तर येऊ दे. मी रात्रभर बसेन."

ट्रेंटनं कपाळावर हात मारला. डासासाठी की माझ्यासाठी, कोण जाणे. तेवढ्यात आर्लिस भांडी पुसायचा कपडा खांद्यावर टाकून पायरीवर आल्या. त्यांचा गुडघा दुखरा, म्हणून एक एक पाय खाली टाकत त्या भिंतीपाशी गेल्या आणि टेकवलेली शिडी ओढायला लागल्या.

"काय करतेस?" व्हर्लिननी विचारलं.

"मुलं लहान होती तेव्हा ह्या दारावर नजर ठेवत रोज स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहायचे मी," आर्लिस म्हणाल्या. "भात करपायचा, तुम्ही ओरडायचात, तरी उभी राहायचे. आता माझ्यानं दिवसभर उभं राहवत नाही, व्हर्लिन. शिडी धरा."

त्या खरोखरच चढायला लागल्या. व्हर्लिन उठले. आधी त्यांनी शिडी धरली, मग बायकोला खाली उतरवलं आणि स्वतः वर जाऊन पट्टी कापली.

डोळे खाली बसवले तरी दार ऐकेना. निम्म्यात यायचं आणि परत जायचं. व्हर्लिन दर वेळी माझ्याकडे बघायचे, बघ म्हणून. मी गालिच्यावर पालथी पडून एक डोळा केसभर इकडे, केसभर तिकडे करत राहिले, त्याचा दिवा स्थिर लागेपर्यंत. ट्रेंटला राहवलं नाही. त्यानं मोटरचा जोर कमी केला आणि कुणी न सांगता बटण मुलांच्या हाताबाहेर उंचावर सरकवलं. मग मी गाडी काढली. दाराखाली नवी गुंडाळी उभी केली, दार तिला न शिवताच परत गेलं. डोळ्यांच्या रेषेखाली बसेल अशी लाकडाची फळी आडवी ठेवली, दार तिच्यावर टेकलं आणि वर गेलं. एव्हाना सगळे डास आत आले होते.

मी माफी मागितली नाही. आमच्याकडे निरोप घ्यायचा म्हणजे गाडीच्या काचेशी उभं राहून अर्धी संध्याकाळ बोलायचं असतं; त्या दिवशी व्हर्लिन गॅरेजमधूनच "या" म्हणाले. सोमवारी मी लिनियाला सोडायला गेले तेव्हा ते गुडघ्यावर बसून ओल्या फडक्यानं ते डोळे पुसत होते. वाळलेलं पान मध्ये आलं तरी अडतं तुझं दार, असं कुरकुरले. अडू दे, मी म्हटलं. आणि ही युक्ती आणखी कुणाकुणाला शिकवलीत ते विचारलं. त्यांनी नाव एकच घेतलं, ऑरिनचं, तेही नाइलाजानं. ऑरिनकडे नातवंडं शनिवारी येतात. मी शुक्रवारी जाऊन त्यांची बेल वाजवली. ते म्हणाले, बघू पानगळीत. आता मी रोज वाजवते.

तुमच्याही घरचं कुणी असं असेल. मायाळू, हुशार, हातानं सगळं दुरुस्त करणारं, आणि तुमचं मूल दिवसभर त्याच्या अंगणात असतं. त्यांना फोन करू नका, फोनवर ते ठीक आहे म्हणतील. आज संध्याकाळी स्वतः जा, दाराच्या दोन्ही बाजूंना वाकून बघा, आणि डोळे जागेवर नसले तर गाडी दारातच लावा.