साळसकरांचा शनिवार

मित्रांनो, माझ्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही आहे असं मला वाटत नाही. मी एक जुनी स्टाइलशीट आहे. माहिती पडद्यावर नीट मांडून दाखवायची, एवढंच माझं काम. दहिसरला नदीजवळच्या एका चाळीत कोकणातल्या एका गावाच्या ग्रामस्थ मंडळाची खोली आहे. तिथल्या संगणकावर मंडळातल्या हर्षदने मला लिहिलं, तेव्हा त्याचे केस काळे होते.

शिमग्यात गावची पालखी घरोघर जाते. कुठल्या घरी कधी, हे मानकरी दरवर्षी नव्याने ठरवतात. मुंबईकरांनी त्या दिवशी जाऊन घर उघडायचं, अंगण सारवायचं, देवीची ओटी भरायची. दार बंद असेल तर पालखी थांबत नाही, पुढे जाते. म्हणून पूर्वी मंडळाची माणसं दहिसरपासून मुलुंडपर्यंत प्रत्येकाच्या घरी जाऊन वार सांगत. चहा होई, चौकशी होई. मी आले आणि ती फेरी बंद झाली.

हर्षदने सगळी माहिती एक्सएमएलच्या फाइलीत भरली. हा वार, हे घर, अशा खुणा त्यात असतात. पण ते दिसावं कसं, हे ती फाइल सांगत नाही. ते मी सांगायचे. मी वारांचा क्रम लावी, घर आधी आणि वार त्याच्यासमोर असा तक्ता आखी. तक्त्याला हर्षदने भगवी किनार दिली होती. एका ब्राउझरमध्ये ती सुरेख दिसे, दुसऱ्यात गायब होई, तिसऱ्यात अख्खं पानच कोरं. हर्षद प्रत्येकासाठी मला वेगळं ठिगळ लावी.

"अरे, एकच पान ना ते? मग सगळीकडे सारखं दिसायला काय होतं त्याला?" मंडळी चिडवत.

"तुझा सदरा तुझ्या भावाला होतो का?" हर्षद म्हणे.

काही वर्षं माझं कौतुक झालं. मग मी नीट चालते आहे हेही लोक विसरले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. थकले मात्र. दरवर्षी नवा ब्राउझर, नवा फोन, आणि माझी तीच जुनी ठिगळं.

यंदा शिमग्याआधी जानकीकाकी खोलीवर आल्या. साळसकरांचं घर त्यांचंच. काका गेल्यापासून ते बंद होतं. गुडघ्यांमुळे तीन वर्षं त्यांना जाता आलं नव्हतं. बरोबर नात होती, प्रांजल.

"काकी, ह्या वेळी जायचं म्हणता?" हर्षदने विचारलं.

"ह्या वेळी नाय तर मग कधी? माझ्या दाराक पालखी कधी येतली, तेवढा सांग."

"आजी, त्यांना कशाला त्रास? फोनवर आहे ना सगळं," प्रांजल म्हणाली.

तिचा फोन नवा होता. त्यातल्या ब्राउझरने मला आत घेतलंच नाही. आमच्यासारख्या जुन्यांना आता तिथे जागा नाही. खुणा गळाल्या, तक्ता गेला, आणि फाइलीतला मजकूर जसा भरला होता तसा ओळीने पडला. हर्षदने प्रत्येक नोंदीत वार आधी भरला होता, घर नंतर. त्यामुळे तिला दिसलं ते असं: शुक्रवार परब शनिवार साळसकर रविवार राणे. प्रांजलने आडनाव शोधलं आणि त्याच्यापुढचा वार वाचला.

"रविवार, आजी. शनिवारी रात्री निघू." सगळ्यांचे वार काही हर्षदला पाठ नव्हते.

मी तिथेच, त्याच खोलीतल्या संगणकात होते. पण ज्याने उघडलं नाही त्याला मी काय सांगणार?

गावाहून परतून पुढच्या आठवड्यात दोघी पुन्हा आल्या. काकींनी पदराची गाठ सोडली. तिच्यात चिमूटभर गुलाल होता.

"उंबऱ्यार पडलो होतो," त्या म्हणाल्या. "कुलूप तसाच. देवीआई येऊन गेली."

प्रांजल खाली मान घालून उभी होती. हर्षदने तिच्या फोनमधलं पान पाहिलं. मग जुना संगणक चालू केला, त्यातला जुना ब्राउझर उघडला आणि मला हाक मारली. मी भगव्या किनारीसकट आले. साळसकर, आणि समोर शनिवार.

काकींनी चष्मा सावरून ती ओळ वाचली.

"ह्यां बरोबर होता रे."

"होय काकी. बरोबर होतं. तुम्हाला दिसलं नाही."

"ओटीचो खण तसोच परत आणलंय."

हर्षदने संगणक बंद केला नाही. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी मी घरी येऊन सांगेन."

"पुढच्या वर्षी मी असलंय तर," काकी म्हणाल्या. मग उठताना म्हणाल्या, "ये तू. चाय ठेवतंय."

मित्रांनो, हर्षद आता साधं पान लिहितो आहे. त्यात घर आधी आणि वार नंतर, कुणीही कुठेही उघडलं तरी वाचता येईल असं. त्याला माझी गरज लागणार नाही, आणि ते बरंच आहे. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: पडद्यावर नीट दिसतंय असं वाटलं, तरी म्हाताऱ्या माणसाला त्याचा दिवस घरी जाऊन सांगा. जमेल तर तिथे चहाही घ्या.