बिघडलेला मी नव्हे

मी बोलतोय, कारण आता गप्प बसवत नाही. मी रबराचा बाहुला, नवजात बाळाच्या मापाचा. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, याचा सराव डॉक्टरांनी माझ्यावर करायचा. तोंडावर मास्क नीट बसवून त्याची पिशवी दाबली की माझी छाती वर येते. नाही बसला, तर नाही येत. भीड मला ठाऊक नाही.

इस्पितळात आलो त्या दिवशी सगळ्यांनी माझ्यासोबत फोटो काढले. मग प्रसूतिकक्षाच्या कोपऱ्यातल्या कपाटात पडलो, तो तीन वर्षं.

यंदा डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची आखणी निघाली. प्रमुखांनी कागद वाटला : 'तुम्हाला काय शिकायला आवडेल?' नऊच्या नऊ जणांनी मधुमेहाच्या नव्या औषधांवर खूण केली. बाळाच्या श्वासावर एकानेही नाही. येतं म्हणे सगळ्यांना.

मोठ्या सिस्टर प्रसूतीची नोंदवही आणि मला घेऊन थेट बैठकीत गेल्या.

"सर, सहा महिन्यांत अकरा बाळं उशिरा रडलीत. आवडीचं काय विचारता? अडतंय कुठे ते बघा."

"म्हणजे डॉक्टरांची परीक्षा घ्यायची?"

"घ्या की."

मला टेबलावर ठेवलं. डॉक्टर हसत हसत पुढे आले. सहा जणांच्या हाती माझी छाती हलली नाही. त्यातला एक म्हणाला, "बाहुलाच बिघडलाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सिस्टरनी मास्क धरला. छाती लगेच वर आली.

तरी प्रमुख म्हणाले, "वक्ते ठरलेत. पुढच्या वर्षी बघू."

दहाव्या दिवशी एक बाळ निळं पडूनच जन्मलं. ड्यूटीवर मला बिघडलेला म्हणणाराच डॉक्टर. कपाटातून मला सगळं ऐकू येत होतं. "मान सरळ करा... मास्कच्या कडेनं हवा निसटतेय, डॉक्टर... द्या इकडे." सिस्टरच्या हाती बाळ रडलं, पण पाच मिनिटं गेली होती. त्या पाच मिनिटांनी त्याचं काय काय नेलं, हे आईला कळायला वर्षं लागतील.

संध्याकाळी त्या डॉक्टरनी कपाट उघडलं. "सिस्टर, मला हे येत नाही. शिकवा."

आता तो रोज येतो. त्या सहांतले उरलेले पाच आज मधुमेहाच्या भाषणाला गेलेत. इथे दोघी कळा देताहेत, आणि पुढची ड्यूटी त्या पाचांतल्याच एकाची आहे. डॉक्टर, भाषण सोडून या. कपाटाला कुलूप नाही.