पन्नासावी शपथ

हशमतकाकांनी अठ्ठेचाळीस पुरुष गोळा केले. स्वतःला धरून एकोणपन्नास, आणि पन्नासावी मी. बाबांच्या खुनात संशय दाट होता, पण पुरावा पुरत नव्हता. अशा वेळी आमच्या कायद्यात घराण्यातल्या पन्नास जणांनी कुराणावर हात ठेवून ‘यानंच मारलं, माझी खात्री आहे’ म्हटलं की पुरतं. पन्नास भरले तर आरोपी खुदामुराद फासावर, एक जरी कमी पडला तर नाही. बायकांची शपथ मोजत नाहीत, पण फिर्यादी बाई असेल तर तिची मोजतात. आई आधीच गेलेली, भाऊ नाही, त्यामुळे फिर्यादी मीच.

मी काय पाहिलं होतं तेही सांगते. भरदुपारी अक्रोडाच्या बागेत बाबांचं जेवण घेऊन गेले. बाबा पाटाच्या कडेला पालथे पडले होते, शेजारी फावडं होतं आणि पलीकडच्या भिंतीवरून एक पाठ उडी मारून गेली. तपकिरी कोट घातलेली पाठ. बस्स, एवढंच. मी धावत घरी आले आणि तपकिरी कोटवाला पळाला म्हणून ओरडले. “खुदामुराद?” काकांनी विचारलं. पाण्याच्या पाळीवरून त्याचं आणि बाबांचं आदल्याच आठवड्यात वाजलं होतं. मी मान हलवली. काकांनी नाव घेतलं, म्हणजे त्यांनी त्याला तिकडे जाताना पाहिलं असणार, असं मी धरून चालले. पोलिसांपुढेही मी तेच नाव सांगितलं. त्याला आता दीड वर्ष झालं होतं.

सकाळी गावातून बस निघाली तेव्हा लग्नाला निघाल्यासारखा गोंगाट होता.

“काका, नाश्ता देणार ना?” चुलतभाऊ यदुल्लानं विचारलं. “उपाशीपोटी शपथ लागू पडत नाही म्हणे.”

“तुला भरल्या पोटी तरी काय लागू पडतंय? नमाज तरी धड येतो का?”

सगळे हसले. मला त्या सगळ्यांचा राग आला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. ही माणसं आपली शेतं, दुकानं सोडून माझ्यासाठीच तर आली होती.

कोर्टात खुदामुराद पहिल्या रांगेत दोन शिपायांच्या मधे बसला होता. तुरुंगाचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, पायात प्लास्टिकच्या चपला. तो पार वाळला होता. त्याच्या बाजूला त्याचे मोजून सात नातेवाईक होते, तेही भिंतीला चिकटून बसलेले.

न्यायाधीशांना सगळे हाजीआगाच म्हणतात. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेकाला पुढे बोलावलं.

“अंदाजानं शपथ घ्यायची नाही. खात्री असेल तरच. खोटी शपथ घेतलीत तर याच्या रक्ताचा डाग तुमच्या हाताला लागेल. तुला कशावरून माहीत?”

“फरंगीसनं पाहिलं, हाजीआगा. ती खोटं बोलत नाही.”

“तुला?”

“आमच्या फरंगीसनं पाहिलंय.”

दहा झाले, वीस झाले. प्रत्येक जण माझंच नाव घेत होता. कारकून कागदावर रेघा ओढत होता. सदतिसावे बहराम आजोबा, बाबांचे चुलते. वय ब्याऐंशी, एका कानानं ऐकूच येत नाही. आयुष्यात त्यांनी कधी कुठल्या वादात शपथ घेतली नव्हती. घेतली असती तर दोन वावरं जास्त राहिली असती, असं गावात म्हणत. ते हात ठेवायच्या आधी वळले आणि माझ्याकडे बघून मोठ्यानं म्हणाले, “पोरी, पाहिलंयस ना तू?”

मी मान हलवली. पुन्हा नुसती मान. त्यांनी उजवा हात कुराणावर ठेवला.

एकोणपन्नासावे हशमतकाका. मला थोडा धीर आला. आता काका सांगतील, त्यांनी त्याला कुठे पाहिलं, किती वाजता पाहिलं.

“तुम्हाला कशावरून माहीत?”

“हिनंच सांगितलं, हाजीआगा. त्याच दिवशी, माझ्या तोंडावर. नाव घेऊन.”

“तुम्ही स्वतः काही पाहिलं?”

“मी काय पाहणार? मी तर गिरणीवर होतो.”

काकांना माझ्यामुळे खात्री होती, आणि मला काकांमुळे. दीड वर्ष आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघून एका माणसाला फासाकडे ढकलत होतो. त्या दिवशी ‘काका, तुम्ही पाहिलंत का?’ एवढं मी विचारलं असतं तर? मी विचारलं नाही. मला कुणीतरी गुन्हेगार हवा होता.

“फिर्यादी, पुढे ये.”

मी गेले. हाजीआगांनी वाक्य वाचून दाखवलं. खुदामुराद माझ्याकडे नव्हे, माझ्या हाताकडे बघत होता.

“मी पाठ पाहिली,” मी म्हणाले.

“मोठ्यानं बोल.”

“मी फक्त पाठ पाहिली, हाजीआगा. तोंड नाही पाहिलं. नाव काकांनी घेतलं आणि मी हो म्हटलं.”

“फरंगीस!” काका उभे राहिले. “डोकं फिरलंय का तुझं? बापाचं रक्त आहे हे! ह्या सगळ्यांना काय तमाशा बघायला आणलंय?”

“खाली बसा. मुली, शपथ घेतेस की नाही?”

“नाही.”

मागे एकच गलका झाला. कुणीतरी मला बेइमान म्हणालं, तो यदुल्ला असावा. हाजीआगांनी टेबल ठोकलं. आमच्या शपथा बाद झाल्या. आता आरोपीकडून शपथा मागायच्या का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्याच्याकडे पन्नास माणसं नव्हती, म्हणून पन्नास वेळा त्यालाच म्हणायचं होतं.

“वल्लाह, सफदरला मी मारलं नाही, आणि कुणी मारलं ते मला ठाऊक नाही.”

पहिल्यांदा बाबांचं नाव घेताना त्याचा आवाज फुटला. दहाव्या वेळी घसा बसला, शिपायानं पाणी दिलं. मी प्रत्येक वेळी कान देऊन ऐकलं, कुठे अडखळतो का बघितलं. पन्नास झाले तरी मला काही कळलं नाही. तो सुटला. बाबांना कुणी मारलं, ते आता कदाचित कधीच कळणार नव्हतं आणि हे दुःख घेऊन मलाच जगायचं होतं.

परतताना बसमध्ये माझ्याशेजारी कुणी बसेना. शेवटी बहराम आजोबा काठी टेकत आले आणि बसले.

“आजोबा, रागावलात?”

“नाही. खरं बोललीस, बरं केलंस.”

“आणि तुमची शपथ? ती तर बाद झाली.”

“कोर्टात बाद झाली, पोरी.”

पुढून कुणीतरी रोटी आणि चीज वाटत आलं. आजोबांचा उजवा हात मांडीवर उपडा पडला होता, तो त्यांनी उचलला नाही. माझ्यासमोर, सगळ्या बससमोर, त्यांनी डाव्या हातानं रोटी घेतली आणि डाव्याच हातानं खायला लागले.