चंद्रभानचा गेलेला चेहरा

चंद्रभान शहराला लागून असलेल्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला होता. बायको शामला नरखेडकडच्या गावी सासूजवळ राहून संत्र्याची बाग सांभाळायची. दर शनिवारी तो संध्याकाळच्या एसटीने घरी यायचा. त्या दिवशी शामला बागेतून लवकर निघायची. कोणी विचारलंच तर म्हणायची, "डोकं दुखून राहिलं."

सत्त्याहत्तर साल लागलं तसे त्याचे शनिवार चुकू लागले. मग तो फक्त सणावारी येई. आला तरी ओसरीत वेगळा निजे, धड बोलत नसे. आवाज घोगरा झालेला, ओठ सुजल्यासारखे. शहराचं पाणी मानवलं नसेल, असं शामलाने मनाला समजावलं. त्या पोळ्यानंतर मात्र तो आलाच नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर एकच निरोप येई, काम हाय.

सासू रुखमाबाई एक दिवस म्हणाली, "कोणी बाई धरली असंन वं त्यानं तिकडं."

शामला टोपली उचलून बागेकडे निघाली. पण बागेत काम करताना हात थांबायचे. त्याचं ते ओठ मुडपून हसणं, निमुळती हनुवटी, मागून येऊन हळूच हाक मारणं, सगळं आठवून जीव कासावीस व्हायचा. दुसरी दिवाळीही कोरडी गेली, तेव्हा तिने एसटी धरली आणि विचारत विचारत वाडी गाठली.

त्याच्या खोलीच्या दारात एक धिप्पाड माणूस पाठमोरा बसला होता. तो वळला. पुढे आलेला जबडा, जाड नाक, फावड्यासारखे हात. शामलाने पदर सावरून विचारलं, "चंद्रभान इथंच राह्यतात काय जी?"

तो माणूस तिच्याकडे पाहतच राहिला. "शामला, मीच होय वं."

डोळे तेवढे ओळखीचे होते; ती त्याच्याजवळ बसली. मग म्हणाली, "घरी काहून येत नाही तुमी?"

"लघवीचा तरास हाय. घडी घडी लागते अन् धड होतबी नाही. मांगच्या खेपेले कळमेश्वरच्या पुढं मोटारीतच झाली. आपल्या गावच्या बाया होत्या वं. कोण्या तोंडानं येऊ?"

दुसऱ्या दिवशी तिने त्याला इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि वय विचारलं. चाळीस ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "लघवीच्या वाटेवरची प्रोस्टेट ग्रंथी एवढी वाढते ती म्हातारपणी," ते म्हणाले. मग त्यांची नजर चंद्रभानच्या हातांवर गेली, जबड्यावर गेली. त्यांनी शामलाला विचारलं, "हे पहिल्यापासून असेच दिसतात का?"

इतक्या दिवसांत हे तिला कोणीच विचारलं नव्हतं. "नाई जी. हे असे नव्हते," एवढं म्हणून ती रडू लागली.

डोक्याचा एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की मेंदूच्या खाली एक बारीकशी ग्रंथी असते. अंग वाढवणारा रस ती सोडते. यांच्या त्या ग्रंथीत गाठ झाली, म्हणून मोठेपणीही तो रस उतू चालला आहे. त्याने हात, पाय, जबडा वाढला, तशी आत प्रोस्टेटही फुगली आणि लघवीची वाट दाबली गेली.

"पयल्यासारखे होतीन काय जी?" शामलाने विचारलं.

"रस आटला की लघवीचा त्रास कमी होईल. सूजही थोडी उतरेल. पण हाडं वाढली ती वाढली."

काही दिवस लघवीला नळी होती. डोक्याला किरणांचे शेक झाले, गोळ्या चालू राहिल्या. गुण यायला दीड-दोन वर्षं गेली. पण चंद्रभान पुन्हा एसटीत बसू लागला, शनिवारचा घरी येऊ लागला.

शामला त्याला आवडीचं करून वाढायची, हसायची, बोलायची. तरी कधी कधी तो जेवत असताना तिची नजर त्याच्या तोंडावरून घसरून कुठेतरी दूर जायची. माणूस जवळ होता आणि आठवण काही थांबत नव्हती.

बागेत संत्री निवडताना एकदा चंद्रभानने विचारलं, "तो पयलेचा तुले आठवते काय वं?"

ती दचकली. मग खरं तेच बोलली. "आठवते."

"मलेबी," तो म्हणाला. "कसा होतो वं मी? सांग ना."

शामलाने हातातलं संत्रं खाली ठेवलं आणि सांगायला लागली. लग्नात तो कसा लाजला होता, हसताना ओठ कसे मुडपायचा, दाढी करताना हनुवटीला नेहमी कसं कापून घ्यायचा. तो मान खाली घालून ऐकत होता, मध्येच म्हणत होता, "अजून सांग." घराकडून रुखमाबाईने जेवायला हाक मारली, तरी दोघं उठली नाहीत.