मिशीखालची रेघ

वांग्याचं देठ — हिरवं, काटेरी, बाबांच्या चिमटीत धरलेलं. नागोराव विळीवर बसले की फाका अशा सारख्या पडतात की शेजारच्या बायका नवऱ्यांना ऐकवतात. गौलीगुड्यातल्या या घरात तीस वर्षं भाजी तेच चिरतात. दीक्षा शाळेत त्यावरून केवढी मिरवायची!

तिच्या मांडीवर दवाखान्यातून मिळालेला कागद होता. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, आणि ज्याचा ओठ किंवा टाळू जन्मतः दुभंगलेली, त्याची आकृती काळी करायची. स्वतःचं वर्तुळ तिने मन लावून काळं केलं होतं. खाली पोटातल्या तीन महिन्यांच्या बाळाची आकृती — ना चौकोन, ना वर्तुळ, चक्क शंकरपाळी... कोरी. तिच्याकडे पाहिलं की हसू यायचं, आणि लगेच नजर वरच्या काळ्या वर्तुळाकडे जायची.

आई बेगम बाजारात मसाला आणायला गेली होती, म्हणून तर कागद बाहेर निघाला; ओठाचा विषय तिच्यासमोर कुणी काढत नसे. तीस वर्षांपूर्वी दिवाळीत ग्रहण लागलं होतं — आईला पाचवा महिना, हाताखाली विळी, समोर वांगी. आणि चार महिन्यांनी मुलगी झाली ती फाटक्या ओठाची. आईकडची आजी एकदाच बोलली, "ग्रहणात चिरलंस, म्हणून झालं," आईने ते जन्मभर ऐकलं. ग्रहण वगैरे झूट आहे, असं बाबा वस्तीत भाषणं ठोकून सांगत. तरी दीक्षा हसली की आईची नजर तिच्या ओठावरच्या टाक्यांवर जाते आणि खाली वळते... अजून. काल समुपदेशक बाई सहज म्हणाल्या, ओठ सातव्या आठवड्यापर्यंत जुळलेला असतो. हे जनुकांचं काम, विळीचं नाही. ते आईला कधी एकदा सांगते असं झालं होतं.

"बाबा, तुमच्याकडे कुणाला होतं का असं?"

विळीचा आवाज थांबला. मग बाबांनी करंगळीने आपली झुपकेदार मिशी उचलली. नाकपुडीपासून ओठापर्यंत एक फिकट रेघ, पेन्सिलीने ओढल्यासारखी.

"निंबाच्या झाडावरून पडलो म्हणून तुझ्या आईला सांगितलं होतं," ते म्हणाले. "पडलो-बिडलो काही नाही. पैदाइशी आहे, जन्मापासूनची."

"आणि आईला बोल लागला तेव्हा?"

"तोंड उघडलं नाही. म्हणून तर विळी माझ्याकडं घेतली, बाळा. वाटलं, तेवढं तरी..."

म्हणजे त्या सारख्या फाका, तो लौकिक... दीक्षाला राग आला, खराखुरा आला, आणि रागातच हसू फुटलं — तीस वर्षं या माणसाने कबुली द्यायची सोडून वांगी चिरली! तिने त्यांचा चौकोन काळा केला. घरात आणखी कुणी निघालं तर बाळाचा धोका थोडा वाढतो, हेही बाईंनी सांगितलं होतं. भीती वाटायला हवी होती. पण जीभ आपसूक टाक्यांवरून फिरली, आणि वाटलं, हा ओठ कुणाची चूक नव्हे, बाबांच्या नाकासारखाच बाबांचा आहे. ये गं शंकरपाळी, कसाही ओठ घेऊन ये, आता आम्ही तिघं ओळखीचे.

जिन्यातून आईची हाक आली, "अगं, पिशवी धरा की कुणी!"

"तू सांगतीस का?" बाबांनी विचारलं.

"नाही. तुम्ही."

त्यांनी मिशी सारखी केली, मग रेघ दिसेल अशी पुन्हा विस्कटली. आई पहिल्या मजल्यावर नेहमी जरा टेकते. आज तिने न टेकता सरळ वर यावं, असं दीक्षाला फार वाटत होतं.