पारीवरचा स्टॉप

पन्नाशी उलटल्यावर मी पायलट झालो. विमानाचा नाही, अँब्युलन्सचा. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरले पायलट म्हणतेत, हे मले बी तिथं गेल्यावरच समजलं. रुखमिणी, माझी बायको, पहिल्या दिवशी माझी वर्दी पाहून इतकी हासली का तिले ठसका लागला. "पायलटसाहेब, डबा तं घेऊन जा," म्हणे. मले राग आला. मले राग लवकर येते, हे साकोलीच्या बस स्टँडवर कोणालेही विचारा.

त्याच्या आधी जन्मभर काळीपिवळी जीप चालवली. साकोली ते एकोडी अन् एकोडी ते साकोली, बस. तवा एकोडीले जाचा रस्ता तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, होता. पार संपली का मोहाचं एक मोठं झाड लागते, तिथं माझा स्टॉप. बोर्ड नाही, शेड नाही, पण घनश्यामचा स्टॉप म्हटलं का गावातलं शेंबडं पोरगं बी बोट दाखवे. लोकायची एक पद्धत होती. घरून निघाच्या आधी मले फोन करत, "घनश्याम भाऊ, थांबजा जी, आलोच." मी शिव्या देत देत थांबे. रस्त्यात कोणी हात दाखवला का थांबे. मांडीवर कोंबडी घेऊन बसणाऱ्यालेही कवा नाही म्हटलं नाही.

मंग गावाच्या दुसऱ्या अंगानं डांबरी रस्ता आला. घरोघरी मोटरसायकली आल्या. पारीवरून जाणारा मी एकटाच राहिलो. एक दिवस पाहतो तं अख्ख्या जीपमध्ये एकच सवारी, अन् ते बी सुखराम.

सुखराम माझा दोस्त. एकोडीचा धानवाला माणूस, वावराच्या पाच बांध्यांचा मालक. मागच्या सीटवर बसणं त्याले माहीतच नव्हतं. माझ्या बाजूले बसे अन् साकोली येईपर्यंत माझ्या गाडी चालवण्यात खोड्या काढे. गिअर उशिरा टाकतो म्हणे, ब्रेक जोरात मारतो म्हणे. स्वतःले सायकल बी धड येत नव्हती लेकाले. त्या दिवशी मागं वळून रिकाम्या सीटा पाहिल्या अन् म्हणाला, "घनश्याम, हे आता उरकलं. अँब्युलन्सवर माणसं घेऊन राहिले म्हणतेत. तू जा तिथं."

"या वयात?"

"वय पाहून पेशंट थोडीच मरते. आपला माणूस गाडीवर असला तं गावाले भेव नाही. मले काही झालं तं तू असशीन ना."

"तुले काय होते बे. रेड्यावानी हाय."

पण बोलणं डोक्यात बसलं. गेलो.

ट्रेनिंगले सगळे पोट्टे. शिकवणारा सचिन म्हणून एक होता, तो बी माझ्या भाच्याच्या वयाचा. रबरी बाहुलीच्या छातीवर दोन्ही हातांनी कसं दाबाचं ते त्यानं शिकवलं. माझे गुडघे दुखले, पण हात बरोबर पडले. गाडीचं तं मले कोण काय शिकवणार. माझी अडचण उलटी होती. मले जे येत होतं, ते विसराचं होतं.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा केला. मागं पेशंट झोपला होता, सायरन चालू होता, अन् रस्त्याच्या कडेले एका बाईनं पिशवी धरून हात दाखवला. पाय आपोआप ब्रेकवर गेला. एवढंच नाही, मी खिडकीतून म्हटलं बी, "या, सरकून बसा." मागून डॉक्टरनं डोकं काढलं. डॉक्टर मेघा, भंडाऱ्याची पोरगी, माझ्या लेकीहून लहान. "काका, ही अँब्युलन्स आहे," म्हणाली. ती ओरडली असती तं मी बी ओरडलो असतो. ती ओरडली नाही, त्याचीच लाज वाटली.

साहेबांनी बोलावून सांगितलं का पुन्हा असं झालं तं घरी बसा. सचिननं मले बाजूले घेतलं. "काका, जीप विसरा. हात दाखवला म्हणून थांबायचं नाही. स्क्रीनवर जे ठिकाण येईल तिथंच जायचं, आपल्या मनानं रस्ता घ्यायचा नाही. आणि ड्युटीवर स्वतःचा फोन सायलेंट. लोकांशी बोलणं डॉक्टरचं काम आहे."

घरी सांगितलं तं रुखमिणी म्हणे, "जित्याची खोड मेल्याबिगर जात नाही."

मी म्हटलं, थांब, दाखवतोच तुले. अन् दाखवलं. हात दाखवणाऱ्यायकडं पाहणं सोडलं. ओळखीचे लोक रस्त्यात "ओ घनश्याम भाऊ" करत, मी मान बी वळवत नव्हतो. लोक म्हणत, वर्दी आल्यापासून माजला. फोन गाडीत बसल्याबरोबर समोरच्या कप्प्यात टाकून देऊ लागलो. दिवाळीपर्यंत मी पक्का पायलट झालो होतो. साहेबांनी सगळ्यायसमोर माझं नाव घेतलं. मले अभिमान वाटला, खोटं काहून बोलू.

धान कापणं उरकत आलं होतं तवाची गोष्ट. दुपारचा कॉल आला. मेघानं स्क्रीन पाहून वाचलं, "एकोडी. पुरुष, मधमाश्या चावल्यात. श्वास कोंडतोय. नाव सुखराम."

एकोडीत सुखराम एकच हाय.

गाडी कशी काढली मले आठवत नाही. मेघा मागं इंजेक्शन भरून ठेवत होती. तिथूनच सांगत होती, "काका, काही लोकांना माशीचं विष सोसत नाही. घसा आतून सुजतो. पण एका इंजेक्शनचं काम आहे. वेळेत पोचलो तर उठून बसतील, आपल्याशी बोलतील."

मी मनात म्हटलं, तो बोलीन ना. गाडीत बसल्याबरोबर माझ्या खोड्या काढीन लेकाचा.

मेघानं कॉल करणाऱ्याचा नंबर लावला. पेशंटले बसतं ठेवा का आडवं, ते सांगाचं होतं तिले. नंबर बिझी. पुन्हा लावला, बिझी.

एकोडीच्या अलीकडं फाटा लागते. डाव्या हाताले पारीचा रस्ता, सरळ गेलं तं डांबरी. माझा हात आपोआप डाव्या इंडिकेटरवर गेला.

"काका, लोकेशन सरळ आहे."

"माहीत हाय मॅडम. जुनी सवय."

मी इंडिकेटर बंद केला अन् सरळ गेलो. मनात म्हटलं बी, रुखमिणी, पाह्य, गेली का नाही खोड.

डांबरी रस्त्यानं सुखरामच्या दारापर्यंत गाडी नेली. दार सताड उघडं. अंगणात खाट राहे, ते नव्हती. सारवलेल्या जमिनीवर खाटेच्या पायांचे ठसे होते अन् बाजूले कांद्याच्या फोडी अन् चुन्याची डबी पडली होती. माशा चावल्या का आमच्याकडं हेच लावतेत. मी हाका मारल्या. कोनी नाही. मेघा फोन लावून राहिली होती, नंबर बिझीच.

शेजारची म्हातारी चंद्रकला तिच्या ओसरीवरून उठून आली. मले पाहून तिले नवल वाटलं.

"तू इकडून कसा आला बापा? तुह्याच स्टॉपवर नेलं ना त्याले, खाटेवर घालून. सुखरामच म्हणे, घनश्यामची गाडी हाय, तो पारीवरूनच येते. तेवढाच टाइम वाचते म्हणे."

मेघानं बॅग उचलली. "कुठून जायचं?" एवढंच म्हणाली. मी गल्लीकडं हात केला. ते बॅग घेऊन पळत सुटली. गल्लीत धान चुराची मळणी मशीन लागली होती, आमची गाडी तिथून निघत नव्हती. मी गाडी वळवली, डांबरी रस्त्यानं फाट्यापर्यंत मागं आलो अन् पारीवर घातली. त्या पारीचा एकेक खड्डा मले पाठ हाय. एक बी चुकवला नाही.

मोहाच्या झाडाखाली लोक गोल करून उभे होते. मधात खाट रिकामी होती, सुखराम जमिनीवर. मेघा गुडघ्यावर बसून त्याची छाती दाबत होती. इंजेक्शन देऊन झालं होतं. त्याचं तोंड इतकं सुजलं होतं का मी पहिले त्याचा सदरा ओळखला, मंग तो. कुंताबाई, त्याची घरवाली, त्याचे पाय धरून बसली होती.

"मॅडम, सरका," मी म्हटलं. तिनं बॅगेतून श्वासाची नळी काढली अन् मी दाबाले बसलो. रबरी बाहुलीवर शिकवलं होतं तसंच. हात बरोबर पडत होते. मी शिव्या देत होतो त्याले. ऊठ बे, गाडी आली, बस पुढं, तुह्या जागेवर बस. खांद्यात गोळे आले तरी सोडलं नाही. मंग कवा तरी मेघानं माझ्या पाठीवर हात ठेवला अन् म्हणाली, "काका, बस करा आता."

सुखरामचा शेजारी भैयाजी बाजूले फोन धरून उभा होता. अँब्युलन्सले फोन त्यानंच केला होता.

"तुलेच लावून राहिलो होतो घनश्याम. कवाचा लावून राहिलो. उचलत काहून नव्हता?"

माझा फोन समोरच्या कप्प्यात होता, सायलेंटवर. मेघा याले लावत होती अन् हा मले लावत होता. गावाची पद्धतच ते. गाडी पाहिजे का गाडीवाल्याले फोन.

भैयाजी बोलतच राहिला. त्याले थांबता येत नव्हतं. "गावात सायरन वाजला तं आमाले वाटलं तूच वळून इकडं येऊन राहिला. सुखरामनं बी ऐकला. त्याले बोलता येत नव्हतं, तरी त्यानं हात वर केला. जीपले करे ना, तसा."

चौकशी झाली. साहेब म्हणाले, घनश्याम, तुमची काही चूक नाही, गाडी दिलेल्या ठिकाणी वेळेत पोचली. सचिनचा फोन आला, "काका, तुम्ही एकदम बरोबर केलं." मी फोन आपटला. कोनी तं म्हटलं पाहिजे होतं का घनश्याम, तू गाढव हायस. कोनी म्हटलं नाही. रुखमिणीनं बी नाही. ते तं माझ्यासमोर म्हणी बोलणंच विसरली.

मी तिले म्हटलं, सोडतो हे काम. ते म्हणाली, "पहिले कुंताबाईले भेटून या. मंग काय सोडाचं ते सोडा."

तेरवी झाल्यावर गेलो. डांबरी रस्त्यानं नाही, पारीवरून गेलो, मोटरसायकलनं. स्टॉपवर थांबलो नाही. कुंताबाईनं ओसरीवर चटई टाकली, आत गेली, च्या ठेवला. मी बसलो. तिनं दोन शिव्या द्याव्या म्हणून गेलो होतो, खरं सांगतो. तेवढं झालं असतं तं छातीवरचा दगड थोडा तरी सरकला असता.

च्या घेऊन ते बाहेर आली अन् उंबऱ्याले टेकून बसली.

"वहिनी, काही तं बोला मले."

"काय बोलू जी, भाऊजी? तुमी काय मुद्दाम केलं का?" ते अंगणात पाहत होती. "त्यायले तं भेवच नव्हतं. मी रडून राहिली होती तं मलेच हातानं गप्प राह्य म्हणत. घनश्याम येऊन राहिला ना, म्हणून."

रस्त्यानं कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला. तो गेल्यावर ते म्हणाली,

"गाडीवर दुसरा कोनी असता ना भाऊजी, तं आमी घरीच थांबलो असतो."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. राग बी नव्हता. धान ओला असला का भरडत नाही, असं सांगावं तसं तिनं सांगितलं. खरंच होतं ते. माझ्या जागी भंडाऱ्याचा, नागपूरचा, कुठचाही अनोळखी माणूस असता, तं सुखराम त्या अंगणात त्या खाटेवर बसून राहिला असता अन् मेघा त्याच्यापाशी वेळेवर पोचली असती.

"घ्या, थंडा होऊन राहिला," ते म्हणाली.

मी कप तोंडाले लावला. च्या बिनसाखरेचा होता. मले साखर चालत नाही, हे तिच्या ध्यानात होतं.